पसारा मुलाचा, आवरणंही मुलाचंच

‘खोली आवर’ असं आपण म्हणतो तेव्हा आपल्या डोळ्यांसमोर एक आवरलेली खोली असते. ६ वर्षांच्या मुलाच्या डोळ्यांसमोर तसं काहीच नसतं. त्याला दिसतात जमिनीवरच्या चाळीस-पन्नास वस्तू, त्यातल्या निम्म्या अजून खेळात असलेल्या, आणि दारात कमरेवर हात ठेवून उभी असलेली आई. कुठून सुरू करायचं, काय कुठे ठेवायचं, संपलं कधी म्हणायचं, हे त्या दोन शब्दांतून कळत नाही. मग ते एक गाडी उचलतं, तिच्याशीच खेळत बसतं, आणि वीस मिनिटांनी आपला आवाज चढतो. शेवटी पुटपुटत आपणच आवरतो. मूल यातून इतकंच शिकतं की थोडी कळ काढली की काम आपोआप होऊन जातं.

ज्या घरात हे रोज घडतं आणि आवरायची सवय लावायला अजून सुरुवातच झालेली नाही, त्या घरासाठी हा लेख आहे. वय साधारण ३ ते १२ धरलंय. त्यापुढच्या मुलांबद्दलही थोडं आहे. घर टापटीप दिसणं ही यातली दुय्यम गोष्ट. खरी गोष्ट आहे ती मुलाने आपणहून काहीतरी करावंसं वाटण्याची. एडवर्ड डेसी आणि रिचर्ड रायन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी, माणूस कुणी मागे न लागता काम का करतो, याचा कित्येक वर्षं अभ्यास केला. त्यांच्या मांडणीत तीन गरजा आहेत: ठरवायला मला वाव हवा, मला हे जमतंय असं वाटायला हवं, आणि आपल्या माणसांशी मी जोडलेला हवा. गणिताच्या स्वाध्यायात या तिन्ही गोष्टी एकत्र आणणं भल्याभल्या शिक्षकांना जड जातं. कपाटाच्या एका खणात त्या अर्ध्या तासात सापडतात.

पहिला खण मोठ्यांचा

प्रत्येक घरात एक खण असतो: जुने चार्जर, होऊन गेलेल्या लग्नांच्या पत्रिका, अर्धवट वापरलेल्या गोळ्यांच्या पट्ट्या, बंद घड्याळ, कुठल्या कुलपाच्या हे कुणालाच ठाऊक नसलेल्या किल्ल्या. सुरुवात तिथून करा. औषधं, ब्लेड, बारके सेल आधी बाजूला काढा. मुलाला शेजारी बसू द्या, पण काम सांगू नका. स्वतः बोलत बोलत आवरा. ‘ही किल्ली बहुतेक जुन्या घराची. उपयोग काही नाही, तरी टाकवत नाहीये. बाजूला ठेवते, बघू.’ ‘हा चार्जर ज्या फोनचा, तो फोनच राहिला नाही. जाऊ दे हा.’ ठरवताना मोठ्यांचीही घालमेल होते, हे मुलाच्या कानावर पडलं पाहिजे. नाहीतर आवरणं म्हणजे मोठ्यांनी फर्मावायचं आणि लहानांनी सोसायचं, असा त्याचा समज होतो.

बाबांनीही एक खण काढावा. हे मुद्दाम लिहितेय, कारण अजूनही बऱ्याच घरांत मुलीच्या हातात केरसुणी जाते आणि मुलाला कपाट उघडायचीही वेळ येत नाही. ज्या घरात बाबा सोफ्यावर बसून ‘आवर’ म्हणतात, तिथला मुलगा सोफ्यावर बसायला शिकतो.

मग दप्तर

मुलाची पहिली जागा कोणती असावी? पंधरा-वीस मिनिटांत पूर्ण होईल, पूर्णपणे त्याच्या मालकीची असेल आणि जिचा फायदा दुसऱ्याच दिवशी हाताला लागेल अशी. म्हणून खोली नको, कपाट नको, खेळण्यांचा ढीग तर मुळीच नको. शाळेत जाणाऱ्या मुलासाठी दप्तर सगळ्यात उत्तम.

रविवारी सकाळी, नाश्ता झाल्यावर, जमिनीवर जुना पेपर पसरा आणि दप्तर उलटं करा. बाजूचे कप्पेही. पेन्सिलींची टरफलं, टोपण हरवलेली स्केचपेनं, होऊन गेलेल्या सहलीचं परिपत्रक, चिवड्यातले शेंगदाणे, कुणा मित्राचं खोडरबर, असं सगळं बाहेर येईल. ते परिपत्रक तुमच्यापर्यंत पोचलंच नव्हतं, हे तेव्हाच तुमच्या लक्षात येईल आणि जीभ शिवशिवेल. तो विषय दुपारी काढा. आत्ता एकच प्रश्न: ‘उद्या शाळेत यातलं काय काय लागणार?’ जे लागणार ते मूल उचलेल, बाकीचं पेपरवर उरेल. दप्तर भरायचंही त्यानेच. तुमच्या मते पुस्तकं उंचीप्रमाणे लावायला हवीत; त्याच्या मते आधी मराठी, मग विज्ञान, कारण उद्याचे तास तसे आहेत. त्याचंच बरोबर आहे.

दप्तर नसलेल्या ३-४ वर्षांच्या पिल्लांसाठी दारातल्या चपला घ्या. कुणाची जोडी कुठली हे ओळखून ओळीत लावणं त्यांना मनापासून आवडतं आणि घरी येणारा प्रत्येक माणूस ती ओळ बघतो.

वेळ निवडताना भुकेची आणि झोपेची वेळ टाळा. पाहुणे यायच्या आधीचा तास तर हमखास टाळा, कारण त्या वेळी आपल्याला आवरलेलं घर हवं असतं, शिकणारं मूल नको असतं. आणि ‘अभ्यास केला नाहीस ना, मग चल, कपाट आवर’ हे कधीच करू नका. शिक्षा म्हणून दिलेलं काम मुलाच्या लेखी कायमचं शिक्षाच राहतं.

ढीग कसे करायचे

दप्तर जमलं की पुढच्या एखाद्या रविवारी खेळण्यांचा एक डबा किंवा पुस्तकांचा एक कप्पा घ्या. एका वेळी एकच. सगळं बाहेर काढायचं आणि प्रत्येक वस्तूचं ठरवायचं: ठेवायची, कुणाला तरी द्यायची, की मोडली म्हणून टाकायची. पाचच्या आतल्या मुलांना तीन पर्यायही गोंधळात पाडतात. त्यांच्यापुढे दोन वस्तू धरा आणि ‘यातली कुठली जास्त आवडते?’ एवढंच विचारा.

चौथा एक खोका ठेवा, ‘बघू’चा. ज्याचं ठरत नाही ते त्यात. खोक्यावर मुलाकडून तारीख लिहून घ्या आणि तो कपाटावर टाका. सहामाही परीक्षा किंवा दिवाळी अशी कुठलीतरी मुदत ठरवा. तोवर त्यातलं काही मागितलं तर लगेच काढून द्यायचं, कुरकुर न करता. नाही मागितलं तर मुदतीला खोका त्यानेच उघडायचा आणि त्यानेच ठरवायचं. माझ्या मते सगळ्या युक्त्यांमध्ये या खोक्याचा उपयोग सर्वात जास्त. टाकायची भीती वाटते म्हणून मूल वस्तूला चिकटून बसतं. परत मिळू शकतं हे कळलं की पकड सैल होते.

आता नियम, आणि तो मोठ्यांसाठी आहे: वस्तू मुलाची असेल तर निर्णयही मुलाचा. एक चाक तुटलेली गाडी ते ठेवेल आणि वाढदिवसाला आलेलं महागडं पझल देऊन टाकायला निघेल. ‘केवढ्याला आणलं होतं माहितेय?’ हे वाक्य गिळा. त्या पझलचे पैसे तसेही परत येणार नाहीत. तुम्ही तिथे हात घातलात की निवड त्याची उरत नाही आणि पुढच्या वेळी ते ढिगाशी बसायलाच येत नाही. मर्यादा घालायची असेल तर जागेची घाला. ‘किल्ल्यावरच्या मावळ्यांना हा डबा. यात मावतील तेवढे ठेव, कुठले ते तू बघ.’ नकार मग डबा देतो. तुम्ही वाईट ठरत नाही आणि मूल शिवाजी महाराज, तोफा आणि वाघ ठेवून हात तुटलेले दोन मावळे स्वतःहून बाजूला काढतं.

मूल शाळेत असताना गुपचूप टाकायचा मोह सगळ्यांना होतो. करू नका. एकदा पकडले गेलात की ते प्रत्येक कागदावर पहारा ठेवायला लागतं. त्याच्या जागी आपण असतो तर आपणही तेच केलं असतं.

घरात आजी असतील तर त्यांचा वेगळा मुद्दा. श्रीखंडाचे रिकामे डबे, पिशव्यांत भरलेल्या पिशव्या, ‘लागेल कधीतरी’. ज्यांनी टंचाईत संसार केला त्यांना वस्तू टाकणं उधळपट्टी वाटते आणि त्यात काही चूक नाही. त्यांचा कप्पा त्यांचा. तिथे आपण जायचं नाही आणि नातवंडांनाही पाठवायचं नाही. उलट त्यांच्याकडून घेण्यासारखं बरंच असतं. जूनमध्ये नवं वर्ष सुरू व्हायच्या आधी जुन्या वह्यांची कोरी पानं काढायची, एकत्र करायची, दाभणाने भोकं पाडून जाड दोऱ्याने शिवायची आणि वर जुन्या कॅलेंडरचं कव्हर घालायचं. झाली रफ वही. ८-९ वर्षांच्या मुलाला आजीसोबत ही करू द्या, दाभण मात्र आजींच्याच हातात. स्वतः शिवलेली वही मूल दुकानातल्या वहीपेक्षा जपून वापरतं.

हात पोचेल अशी जागा

१९०७ साली रोममधल्या सान लोरेंझो या गरीब वस्तीत इटालियन शिक्षणतज्ज्ञ मारिया माँटेसरींनी लहान मुलांसाठी बालगृह सुरू केलं. त्यांच्या तिथल्या अनुभवांत दोन नोंदी आहेत. खेळायचं साहित्य तिथल्या शिक्षिका बाई वाटायच्या आणि तास संपला की कपाटात ठेवायच्या. मुलं मात्र त्यांच्या मागेमागे जाऊन घुटमळायची, कारण साहित्य जागेवर ठेवायचं काम मुलांना स्वतः करायचं होतं. पुढे एकदा बाई कपाटाला कुलूप लावायला विसरल्या. दुसऱ्या दिवशी त्या आल्या तेव्हा मुलांनी आपापलं साहित्य निवडून घेतलेलं होतं. मुलांनी चोरी केली असं बाईंना वाटलं. माँटेसरींनी मात्र कुलपाचं कपाट काढून तिथे बुटकी, उघडी कपाटं आणली.

आपल्या घरात याचा अर्थ सरळ आहे. खेळणी कपाटाच्या वरच्या खणात असतील तर मूल ती काढू शकत नाही आणि म्हणून ठेवूही शकत नाही. एक खालची फळी पूर्णपणे त्याला द्या. वेगळी खोली नसली तरी चालतं; एका खोलीच्या घरातही पलंगाखाली सरकणारा एक क्रेट मावतो. झाकणाचे डबे टाळा, निदान पाचच्या आतल्यांसाठी, कारण घट्ट झाकण हा आवरण्यातला सगळ्यात मोठा अडथळा आहे. डब्यावर आत काय आहे त्याचं चित्र मुलाकडून काढून घेऊन चिकटवा. वाचता येत असेल तर नाव. स्पेलिंग किंवा ऱ्हस्व-दीर्घ तपासू नका.

आणि फळीवर सगळं एकदम मांडू नका. अमेरिकेतल्या टोलेडो विद्यापीठात ३६ लहान मुलांवर झालेल्या एका अभ्यासात (तो २०१८ साली प्रसिद्ध झाला) दीड ते अडीच वर्षांच्या मुलांना एकदा ४ खेळण्यांसोबत आणि एकदा १६ खेळण्यांसोबत सोडलं गेलं. चारच खेळणी असताना मुलं एकेका खेळण्याशी जास्त वेळ आणि जास्त वेगवेगळ्या तऱ्हेने खेळली. तेव्हा निम्मी खेळणी चादरीत बांधून वर ठेवा आणि महिन्या-दोन महिन्यांनी अदलाबदल करा. वरून उतरलेलं जुनं खेळणं नव्यासारखं वाटतं. शिवाय पसाराच निम्म्यावर येतो आणि तो मुलाच्या आवाक्यात राहतो. खेळण्यांची संख्या मोठी असावी असंही काही नाही. बालशिक्षणाचं काम करणाऱ्या ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी आणि कोसबाडच्या बालवाड्यांत शंख-शिंपले, खडे, बिया, पानं यांनाच शिकण्याचं साहित्य केलं होतं.

सांगायचं कसं

‘आवर’ऐवजी एका हालचालीचं नाव घ्या. ‘सगळ्या गाड्या या टोपलीत.’ ते झालं की ‘आता पुस्तकं, पाठ बाहेर करून.’ तीन-चार वर्षांच्या मुलाला एका वेळी एकच सूचना सोपी जाते. सात-आठ वर्षांचं मूल दोन-तीन लक्षात ठेवतं, पण त्याला क्रम विचारलेला जास्त आवडतो: ‘आधी टेबल की आधी पलंग?’ दोन्ही शेवटी होणारच असतात, तरी सुरुवात त्याने निवडलेली असते. दहाच्या पुढच्या मुलाला काम सांगून वेळ त्याच्यावर सोपवा: ‘रात्री जेवायच्या आधी टेबल मोकळं हवंय, तुझ्या ताईला तिथे प्रकल्प करायचाय.’ कारण खरं असलं तर ते लगेच पटतं. ‘पाहुणे काय म्हणतील’ हे कारण मुलांना कधीच पटत नाही, आणि खरं सांगायचं तर मलाही.

काम झाल्यावर काय बोलायचं हेही ठरवून ठेवा. ‘शाब्बास, शहाणं बाळ!’ हे तोंडात आपोआप येतं. त्याने काही बिघडत नाही, पण त्यातून मुलाला काही कळतही नाही. जे दिसलं ते सांगा: ‘तू रंगाप्रमाणे खडू लावलेस, मला निळा लगेच सापडला.’ यात त्याची युक्ती आली आणि कुणाचा तरी फायदाही आला. त्याने लावलेली चादर वाकडी असेल तर वाकडी राहू द्या. ते बघत असताना, किंवा शाळेत गेल्यावर, ती सरळ केलीत तर मुलाला बरोबर कळतं.

चॉकलेट, चांदणी आणि दहा रुपये

बक्षीस द्यायचं का, हा प्रश्न प्रत्येक पालक विचारतो.

१९७३ साली मार्क लेपर, डेव्हिड ग्रीन आणि रिचर्ड निस्बेट यांनी स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या बालवाडीतल्या मुलांवर केलेला प्रयोग प्रसिद्ध झाला. स्केचपेनने चित्रं काढायला आवडणारी मुलं त्यांनी निवडली. काहींना आधीच सांगितलं की चित्र काढलंस तर प्रमाणपत्र मिळेल, त्यावर सोनेरी चांदणी आणि फीत. काहींना न सांगता, काढून झाल्यावर तेच प्रमाणपत्र दिलं. काहींना काहीच दिलं नाही. एक-दोन आठवड्यांनी वर्गात मोकळ्या वेळेत स्केचपेनं ठेवली, तेव्हा आधी कबूल करून बक्षीस मिळालेली मुलं इतरांच्या मानाने साधारण निम्माच वेळ चित्रं काढत होती. आवडीचं काम बक्षिसासाठीचं काम झालं होतं, आणि बक्षीस संपल्यावर त्यातली गोडी गेली होती.

मदतीच्या बाबतीतही असंच दिसलं. फेलिक्स वार्नेकेन आणि मायकेल टोमासेलो यांनी २००८ साली २० महिन्यांच्या बाळांवर केलेल्या प्रयोगात मोठ्या माणसाच्या हातून पडलेली वस्तू बाळं उचलून देत होती. त्यासाठी ज्यांना दर वेळी खेळायला काहीतरी मिळत होतं, ती बाळं बक्षीस थांबल्यावर कमी मदत करू लागली. ज्यांना नुसती शाबासकी मिळाली किंवा काहीच मिळालं नाही, त्यांची मदत चालू राहिली. दीड-दोन वर्षांचं मूल केरसुणी घेऊन मागे लागतं ते आठवा. आपण ती काढून घेतो, कारण ते कचरा आणखी पसरवतं. आठ वर्षांनी त्याच केरसुणीसाठी आपण चॉकलेट देऊ करतो. मूल दीड वर्षाचं असतानाच हातात एक छोटा फडका देऊन ठेवणं स्वस्त पडतं.

म्हणून माझं मत असं: स्वतःची खोली, दप्तर, कपडे, खेळणी यांसाठी पैसे नकोत, चॉकलेट नको, फ्रिजवर चांदण्यांचा तक्ता नको. तक्ता आधीच लावला असेल तर एकदम फाडू नका. आठवड्याची चांदणी पंधरा दिवसांवर न्या, मग महिन्यावर, आणि विसरला जाऊ द्या. जी कामं कुणालाच आवडत नाहीत, म्हणजे बाल्कनीतली कबुतरांची घाण धुणं किंवा पंख्याची पाती पुसताना मोठ्यांच्या हाताखाली उभं राहणं, त्यांना हा धोका फारसा लागू नाही, कारण तिथे जाण्यासारखी गोडीच नसते. ते झाल्यावर सगळ्यांनी मिळून उसाचा रस प्यायला खुशाल जा. फक्त आधी कबूल करू नका.

रद्दीचं काय, असं कुणी विचारेल. रद्दीवाल्याकडे मुलालाच पाठवा, काट्यावर किलो वाचू द्या, किलोच्या दराने गुणाकार करू द्या. आलेले पैसे घराचे. त्याचं काय करायचं हे सगळ्यांनी ठरवायचं, त्यात त्याचंही एक मत. ही मजुरी नाही. आवरण्यातून घराला काय मिळालं हे त्याला दिसतं, आणि कुणी लाच दिल्यासारखं होत नाही.

रोजची दहा मिनिटं

मोठी आवराआवर महिन्यातून एकदा पुरे. रोजची मात्र लहान हवी आणि तिची वेळ ठरलेली हवी. बहुतेक घरांत रात्रीच्या जेवणाआधीची वेळ जमते, पानं घ्यायच्या आधी. घड्याळाचा गजर १० मिनिटांचा लावा आणि घरातले सगळे एकदम उठा. आई ओटा, बाबा कपड्यांची घडी, मुलं जमीन. गजर वाजला की थांबायचं, राहिलं तरी. ‘एवढं संपवूनच टाक’ म्हणून ताणलंत की उद्या गजर लागल्यावर कुणी उठणार नाही. कामाला मावशी येत असतील तर जमिनीवरची खेळणी त्या उचलणार नाहीत, हे मुलांसमोर स्पष्ट सांगा. झाडायला त्यांना मोकळी जमीन मिळणं ही घरातल्यांची जबाबदारी.

परीक्षा, ताप, गावाहून आलेले पाहुणे अशा दिवशी बिनधास्त सोडून द्या.

अडतं तेव्हा

मूल सरळ ‘नाही’ म्हणतं. बऱ्याचदा काम फार मोठं वाटत असतं. निम्मं करा: ‘निळ्या वस्तू तू, बाकीच्या मी.’ तरीही नाही म्हणालं तर त्या दिवशी वाद घालू नका, पण त्याच्या वाटणीचं आवरूनही टाकू नका. पसारा रस्त्यातून बाजूला सारून एका टोपलीत ठेवा. उद्या कंपास लागेल तेव्हा त्या टोपलीतून त्यानेच शोधायचा. तुमच्या चेहऱ्यावर ‘बघ, सांगितलं होतं ना’ आलं की सगळा परिणाम वाया जातो.

भावंडांत ‘हे मी नाही पसरवलं’ चालू होतं. तिथे न्यायनिवाडा करू नका. कुणी काढलं यापेक्षा कुठे ठेवायचं यावर वाटणी करा: एकाकडे पुस्तकांची फळी, दुसऱ्याकडे खेळण्यांची. आठवड्याने बदल.

एक मूल सगळं जपून ठेवतं, चॉकलेटचे कागदसुद्धा. त्याला टाकायला लावण्याऐवजी एक खजिन्याचा डबा द्या, त्याचा तो मालक. रेखाचित्रांचे गठ्ठे असतील तर त्यानेच दहा निवडून फाईल करावी. बाकीच्यांचे फोटो काढून ठेवता येतात. आपलीच चित्रं निवडताना मूल ‘हे मी लहानपणी काढलं होतं’ असं म्हणतं, तेव्हा त्याला स्वतःची प्रगती दिसत असते.

बारा-तेराच्या पुढे खोलीचं दार बंद होतं आणि आतला पसारा हा त्याच्या स्वातंत्र्याचा भाग होतो. तिथे लढाई करू नये असं मला वाटतं. तीनच अटी ठेवा: ओला टॉवेल गादीवर नको, खाल्लेली ताटली रात्रीपर्यंत स्वयंपाकघरात, आणि धुण्याचे कपडे बादलीत. जे बादलीत नाहीत ते धुतले जाणार नाहीत. एकदा शाळेचा गणवेश मळका राहिला की पुढचं सांगावं लागत नाही.

वस्तू कुठे जातात

‘द्यायच्या’ ढिगाला पाय फुटले पाहिजेत, नाहीतर तो महिनाभर दारामागे पडून राहतो आणि त्यातलं एकेक परत फळीवर येतं. देण्याआधी मुलाने प्रत्येक वस्तू तपासायची: पझलचे तुकडे पूर्ण आहेत का, शर्टाची बटणं आहेत का, पुस्तकाची पानं आहेत का. तुटकं दान द्यायचं नसतं, हे सांगायला यापेक्षा चांगली वेळ नाही. मग शेजारच्या लहान भावंडाला, बालवाडीला, ग्रंथालयाला ते स्वतः नेऊन देऊ दे. घेणाऱ्याचा फोटो काढू नका. बोहारीण येत असेल तर जुन्या साड्यांवरची घासाघीस मुलांना ऐकू द्या. बंद पडलेले सेल आणि खेळण्यांच्या बॅटऱ्या रोजच्या कचऱ्यात जात नाहीत. त्या एका बरणीत साठवून ई-कचरा घेणाऱ्यांना द्यायच्या, आणि ती बरणी सांभाळायचं काम घरातल्या एका मुलाचं.

पहिला दसरा

घट बसायच्या आधी घराघरांत दसरा काढतात: गोधड्या, चादरी, पडदे धुवायला जातात, भांडी खाली उतरतात, जाळी-जळमटं निघतात. रविवारची दप्तरं आणि रोजची दहा मिनिटं पावसाळ्यात सुरू केली असतील तर या वेळी मुलांना खरं काम देता येतं. मात्र याद्या तुम्ही करून हातात देऊ नका. आठवडाभर आधी सगळ्यांनी बसून काय काय काढायचं ते एका कागदावर लिहा आणि प्रत्येकाने आपल्याला हवं ते निवडून पुढे नाव घालावं. चार वर्षांचं मूल स्टीलचे डबे कोरड्या फडक्याने पुसू शकतं. सात-आठ वर्षांचं डाळींच्या डब्यांवर नावं चिकटवू शकतं. दहाचं मूल माळ्यावरून येणाऱ्या प्रत्येक खोक्याची वहीत नोंद ठेवू शकतं: आत काय, ठेवलं की दिलं. ही नोंद वर्षभर खरोखर उपयोगी पडते, कारण डिसेंबरात स्वेटर कुठल्या खोक्यात हे आईला विचारण्याऐवजी सगळे त्यालाच विचारतात.

दिवाळीनंतर किल्ला मोडताना तीच वही पुन्हा काढा. माती कुंड्यांत, विटा गच्चीच्या कोपऱ्यात, गोणपाट धुऊन, वाळवून, घडी करून, मावळे त्यांच्या डब्यात, आणि डब्यावर पुढच्या वर्षी काय आणायचं याची चिठ्ठी. माळ्यावर चढायला स्टूल लागतं. त्यावर मोठ्यांनीच चढायचं; मुलांनी खाली उभं राहून हातात द्यायचं आणि वहीत लिहायचं.